वंडरस्वान घ्यायचा असेल, तर तीनपैकी कोणता?

बांदाई कंपनीचा वंडरस्वान हा हातात धरून खेळायचा कन्सोल मार्च १९९९ मध्ये जपानच्या बाजारात आला. अमेरिका किंवा युरोपात तो कधीच विकला गेला नाही. आज तो हवा असणाऱ्याला जपानमधल्या जुन्या वस्तूंच्या दुकानांतून किंवा तिथून मागवूनच घ्यावा लागतो, आणि तिथे एकाच घराण्यातली तीन यंत्रे समोर येतात: मूळ कृष्णधवल वंडरस्वान, डिसेंबर २००० मधला वंडरस्वान कलर आणि २००२ मधला स्वानक्रिस्टल.

मूळ यंत्राची किंमत ४,८०० येन होती. निन्टेन्डो या जपानी खेळकंपनीच्या ‘गेम बॉय’ या हातातल्या कन्सोलचे जनक गुनपेई योकोई यांनी ती कंपनी सोडल्यावर त्याच्या रचनेत भाग घेतला होता. मात्र ऑक्टोबर १९९७ मध्ये रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले आणि यंत्र बाजारात आलेले त्यांना पाहता आले नाही. स्वस्त, रुळलेल्या तंत्रज्ञानातून नवे काही घडवायचे ही त्यांची दृष्टी या यंत्रात स्पष्ट दिसते. एका पेन्सिल सेलवर ते तीस-चाळीस तास चालते. पडद्याच्या डाव्या बाजूला चार-चार बटणांचे दोन संच असल्यामुळे यंत्र आडवेही धरता येते आणि उभेही. योकोई यांच्याच नावाचा ‘गुनपेई’ हा खेळ उभा धरून खेळायचा असतो: खालून वर सरकत येणारे रेषांचे तुकडे वर-खाली हलवून डावीकडून उजवीकडे सलग रेषा जुळवायची. त्यासाठी जपानी वाचता येण्याची गरज नाही आणि रंगांचीही नाही, म्हणून माझ्या मते तो खेळण्यासाठी मूळ यंत्र पुरेसे आहे.

कलर (तेव्हाची किंमत ६,८०० येन) आणि स्वानक्रिस्टल (तेव्हाची किंमत ७,८०० येन) यांच्यात खेळांच्या दृष्टीने काहीच फरक नाही. दोन्हींवर जुन्या कृष्णधवल खेळांच्या कार्ट्रिज (यंत्रात घालायच्या खेळाच्या डब्या) चालतात. उलट, केवळ रंगीत यंत्रासाठी काढलेले खेळ मूळ यंत्रावर चालत नाहीत. ‘फायनल फँटसी’ या भूमिका घेऊन खेळायच्या खेळमालिकेच्या नव्याने सजवलेल्या आवृत्त्या त्यांतच मोडतात, त्यामुळे ज्याला त्यांची ओढ आहे त्याच्यासाठी मूळ यंत्राचा प्रश्नच मिटतो. खरा फरक पडद्याचा आहे. कलरच्या पडद्यावर चित्र वेगाने सरकले की मागे पुसट सावली रेंगाळते आणि धावत्या खेळांत डोळे शिणतात. स्वानक्रिस्टलच्या टीएफटी, म्हणजे चित्र झटपट बदलणाऱ्या प्रकारच्या, पडद्याने हा दोष बराच दूर केला. त्याच्या मोबदल्यात सेल थोडा लवकर संपतो, पण एकाच सेलचा प्रश्न असल्यामुळे ती तक्रार मला फारशी वजनदार वाटत नाही. म्हणून रंगीत यंत्रच घ्यायचे असेल, तर कलर बराच स्वस्त मिळत नसेल तोवर स्वानक्रिस्टलच घ्यावा.

तिन्हींपैकी एकाही पडद्याला आतून प्रकाश नाही, त्यामुळे खेळायला खिडकीजवळची जागा किंवा टेबललॅम्प लागतो. हेडफोन थेट जोडता येत नाही. त्यासाठी वेगळा अडॅप्टर घ्यावा लागतो. विकत घेताना आधी सेलचे झाकण जागेवर आहे का ते पाहावे, कारण ते सुटे निघते आणि हरवते. त्यानंतर यंत्र चालू करून पडद्यावर काळसर डाग किंवा गेलेल्या रेघा नाहीत ना, याची खात्री करावी. भूमिका घेऊन खेळायच्या खेळांत पानोपानी जपानी संवाद असतात, म्हणून जपानी न येणाऱ्याने यंत्राच्याही आधी खेळांची यादी ठरवावी.