लिबइनपुट: मोजकी सेटिंग्ज, पण कामाची

मी नकाशे डिजिटाइझ करते. उपग्रहाच्या चित्रावर ओढ्याच्या काठाकाठाने, बांधाबांधाने बिंदू टाकत जायचं, हेच दिवसभराचं काम. माउसचा बाण जरा सटकला की एकाचं शेत दुसऱ्याच्या हद्दीत शिरतं. त्यामुळे माउसच्या सेटिंग्जबाबत मी जरा जास्तच चिकित्सक आहे.

लिनक्स डेस्कटॉपवर हल्ली माउस बहुधा लिबइनपुटच्या ताब्यात असतो. माउस-कीबोर्डच्या हालचाली डेस्कटॉपपर्यंत पोचवणारी ही लायब्ररी (इतर प्रोग्रॅम वापरतात तो तयार कोड) मुळात वेलँडसाठी, म्हणजे पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या नव्या व्यवस्थेसाठी लिहिलेली, १.० आवृत्ती २०१५ची; वेगळ्या ड्रायव्हरमार्फत ती एक्सऑर्ग या जुन्या व्यवस्थेवरही चालते. आधीच्या एव्हडेव्ह या ड्रायव्हरच्या काळात वेगवाढीची क्रमांक दिलेली अनेक प्रोफाइलं (बाण किती पळेल याचे नियम), वर मंदावण्याचे वेगळे आकडे, असा पसारा होता. इथे वेगासाठी उणे १ ते १ एवढी एकच पट्टी. शिवाय दोन मुख्य प्रोफाइलं: अ‍ॅडॅप्टिव्ह आणि फ्लॅट. अ‍ॅडॅप्टिव्हमध्ये हात झपकन फिरवला तर बाण जास्त पळतो, सावकाश फिरवला तर कमी. फ्लॅटमध्ये हात हलेल त्याच प्रमाणात बाण हलतो, वेग काहीही असो. बिंदू टाकायला मला फ्लॅटच लागतं, कारण हाताला अंतर पाठ होतं. मात्र फ्लॅटवर पट्टी उणे १ला नेऊ नका. बाण जागचा हलत नाही म्हटलं तरी चालेल.

सगळ्यात आवडलेली सोय म्हणजे बटण दाबून स्क्रोल. माझ्या ट्रॅकबॉलला (जागेवरच ठेवून वरचा गोळा फिरवायचा असा माउस) चाकच नाही. बाजूचं बटण दाबून धरायचं आणि गोळा फिरवायचा, की पान सरकतं, आडवंसुद्धा. बटण धरून अंगठा दुखत असेल तर लॉकचा पर्याय आहे: एकदा दाबलं की स्क्रोल चालू, पुन्हा दाबलं की बंद.

आता कुरकुर. चाकाचा वेग कमीजास्त करायची सोय लिबइनपुटमध्ये नाही. प्लाझ्मा या लिनक्स डेस्कटॉपने ती स्वतःच्या सेटिंग्जमध्ये दिली आहे, ज्याला हवी त्याने तिकडे जावं. इतकी साधी गोष्ट डेस्कटॉपवर ढकलणं मला पटत नाही.

खरी डोकेदुखी वेगळीच: सेटिंग ठेवायची कुठे? एक्सऑर्गवर एक्सइनपुट या कमांडने बदल केला की तो लगेच लागू होतो, पण माउसची वायर काढून पुन्हा लावली की गेला. कायमचा हवा असेल तर एक्सऑर्गच्या कॉन्फिगरेशन फोल्डरमध्ये छोटी फाइल लिहावी लागते, इनपुटक्लासचा विभाग करून, माउसच्या नावासह. एक्सइनपुट वापरताना यादीतल्या आयडी क्रमांकावर विसंबू नका, तो बदलतो, नाव द्या. वायरलेस रिसीव्हरचं एकच नाव कधीकधी माउस आणि कीबोर्ड म्हणून दोनदा दिसतं. तेव्हा नावाआधी पॉइंटर हा शब्द आणि कोलन टाकला की भागतं. आणि माउसचा वेग बदलायची एक्ससेट एमची जुनी कमांड अजून कुणी सुचवत असेल तर सोडून द्या, लिबइनपुट तिला जुमानत नाही.

वेलँडवर ही फाइल आणि एक्सइनपुट दोन्ही निरुपयोगी. तिथे डेस्कटॉप देईल तेवढंच मिळतं. प्लाझ्मा प्रत्येक माउसची वेगळी सेटिंग ठेवतो. ग्नोम या दुसऱ्या डेस्कटॉपमध्ये सगळ्या माउसना वेगाची एकच पट्टी, त्यामुळे ट्रॅकबॉल आणि माउस दोन्ही जोडून बसणाऱ्याची पंचाईत होते.

एक गोष्ट मात्र गुपचूप छान झाली आहे. बटणाचा स्विच जुना झाला की बिंदू ओढता ओढता मध्येच सुटतो, कारण संपर्क क्षणभर तुटतो. लिबइनपुटला एखाद्या माउसमध्ये हे आढळलं की ते असे खोटे क्लिक स्वतःहून गाळायला लागतं. शंका असेल तर रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) होऊन लिबइनपुट डीबग-इव्हेंट्स ही कमांड चालवा, प्रत्येक दाबणं-सोडणं वेळेसकट समोर येतं.

डीपीआय, म्हणजे माउसच्या सेन्सरची संवेदनशीलता, बदलणं हे लिबइनपुटचं काम नव्हे. त्यासाठी पायपर हे वेगळं अ‍ॅप आहे, ते सेटिंग थेट माउसच्या मेमरीत लिहितं. पण ते ठरावीक मॉडेलांवरच चालतं, आणि माझा ट्रॅकबॉल त्या यादीत नाही.