बीएस्सीचा प्रबंध लाटेकमध्ये : सात महिन्यांच्या वापरानंतर

विहिरीच्या पाण्याचं विश्लेषण हा माझा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प. ७२ पानं, १९ आकृत्या, ११ तक्ते. ऑगस्ट ते मार्च सगळं लेखन लाटेकमध्ये (साध्या फाइलमध्ये मजकूर आणि आज्ञा लिहायच्या, फाइल चालवली की त्यातून पीडीएफ तयार होते) केलं आणि रसायनशास्त्राच्या मुलांना मी हेच सुचवेन.

खरी किंमत कळली ती सबमिशनला चार दिवस उरले असताना. सर म्हणाले, "कठिणतेचं प्रकरण सल्फेटच्या आधी घे." माझ्या मैत्रिणीने वर्डमध्ये आकृत्यांचे क्रमांक हाताने टाकले होते, अशाच एका बदलापायी तिच्या दोन रात्री गेल्या. मी मुख्य फाइलमधली एक ओळ वर सरकवली, फाइल दोनदा चालवली. आकृती ४.३ ची ३.३ झाली, मजकुरातले उल्लेख आणि अनुक्रमणिकाही बदलली. दोनदा चालवायचं कारण असं, की पहिल्या फेरीत क्रमांक टिपले जातात आणि दुसरीत ते मजकुरात भरले जातात. उल्लेखासाठी आकृतीला दिलेलं लेबल (खुणेचं नाव) चुकलं असेल तर तिथे ठळक ?? उमटतं. प्रिंटला देण्याआधी पीडीएफमध्ये ते शोधाच.

एमएचकेम या रासायनिक सूत्रं लिहायच्या पॅकेजवर (लाटेकला जोडायच्या पुरवणीवर) तर माझा जीव आहे. सल्फेट आयन सरळ टाइप करायचा. खालचा ४ आणि वरचा ऋणभार आपापल्या जागी बसतात. ४२० नॅनोमीटरचा कॅलिब्रेशन आलेख पीएनजीऐवजी पीडीएफ म्हणून घातला, त्यामुळे छपाईत अक्षांवरचे आकडे अगदी स्वच्छ आले. बाइंडिंगसाठी डावीकडे दीड इंच समास, तोही एका ओळीत.

त्रासही सांगते. पहिला महिना जड जातो. एक महिरपी कंस राहिला की भलत्याच ओळीवर चूक दाखवली जाते. आकृत्या मनाला येईल त्या पानावर जातात. फ्लोट पॅकेज घेऊन आकृतीच्या आज्ञेत मोठा एच (म्हणजे 'इथेच ठेव') दिला, तेव्हा कुठे त्या जागेवर राहिल्या. मराठी ऋणनिर्देशासाठी झीलाटेक (संगणकातले युनिकोड फॉन्ट थेट वापरता येणारं लाटेकचं रूप) वापरावं लागलं. फॉन्ट देताना लिपी देवनागरी आहे हे लिहायचं राहिलं होतं, तर 'विहिरी'तल्या ऱ्हस्व वेलांट्या अक्षरांच्या मागे जाऊन बसल्या. आणि सरांना दुरुस्त्या वर्डमध्येच करायची सवय, म्हणून दर वेळी प्रिंट काढून लाल पेनाने खुणा करून घेतल्या.

हातात पंधराच दिवस असतील तर आता लाटेक शिकायला घेऊ नका. वर्डमध्येच लिहा, पण शीर्षकांना हेडिंग स्टाइल द्या, आकृत्यांना इन्सर्ट कॅप्शन वापरा आणि मजकुरातले उल्लेख क्रॉस-रेफरन्सने जोडा. एकही क्रमांक हाताने टाकू नका.