अ‍ॅनालॉग वॉकीवरून डिजिटलवर: मकरपुऱ्यातल्या फॅब्रिकेशन शॉपचा अनुभव

वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसीत आमचं युनिट आहे. प्रेशर व्हेसल, हीट एक्स्चेंजर, मोठ्या टाक्या. शेडचे दोन बे (लांब भाग), दोन्हींत ईओटी क्रेन (वरच्या रुळांवर चालणारी विजेची क्रेन), मागे यार्ड, पुढे गेट आणि वजनकाटा. बरीच वर्षं अ‍ॅनालॉग सेट वापरले. गेल्या काही महिन्यांपासून सगळं काम डीएमआर (डिजिटल मोबाइल रेडिओ) या पद्धतीच्या डिजिटल वॉकीटॉकी सेटवर चालतं. घेण्याआधी मी शोधत होतो तेव्हा सगळीकडे ‘आवाज एकदम क्लिअर’ एवढंच वाचायला मिळायचं. शॉप फ्लोअरवर रोज वापरणाऱ्याला त्यापलीकडचं कळायला हवं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

सर्वांत मोठा फायदा आवाजाचा नाहीच, तो आहे वाटणीचा. अ‍ॅनालॉगमध्ये आम्हा सगळ्यांचा एकच चॅनल होता. इकडे शेल (टाकीचं नळकांडं) रोलरवर बसवताना क्रेनवाल्याला सूचना चालू, आणि मध्येच गेटवरून ‘प्लेटची गाडी आली, कुठे लावू?’ डीएमआरमध्ये १२.५ किलोहर्ट्झचा एकच चॅनल ३० मिलिसेकंदांच्या दोन टाइमस्लॉटमध्ये आलटून पालटून वाटला जातो, त्यामुळे एकाच रिपीटरवर (सेटचा सिग्नल घेऊन जोरात पुढे पाठवणारं यंत्र) दोन स्वतंत्र संभाषणं चालतात. आता गेट, स्टोअर आणि डिस्पॅच एका स्लॉटवर, प्रॉडक्शन आणि क्यूसी दुसऱ्यावर. या वाटणीसाठी नवी फ्रिक्वेन्सी घ्यावी लागली नाही. गेटवरच्या काकांचा आवाज दिवसभर कानावर आदळत नाही, याचंच सुपरवायझरना सगळ्यात जास्त बरं वाटतं.

क्रेन मात्र रिपीटरवर ठेवू नका. हे मी कुणालाही हात जोडून सांगेन. डिजिटल सेटचं बटण दाबल्यावर तो आधी रिपीटरशी जुळवून घेतो, मग परवानगीचा ‘टिंग’ वाजतो, आणि त्यानंतरच आवाज जायला लागतो. काळ सेकंदाच्या अंशाएवढाच, पण आमचे खलाशी, म्हणजे लोड बांधणारे आणि क्रेनला सूचना देणारे रिगर, बटण दाबतानाच बोलतात. रिकाम्या हुकावर चाचणी घेतली तेव्हा केबिनमध्ये ‘आरिया’चं (म्हणजे ‘खाली घे’) नुसतं ‘रिया’ पोहोचत होतं. ते समजून घेता येतं. ‘बस’ हा शब्द मात्र एवढासा आहे, की तो अख्खाच गिळला जाऊ शकतो, आणि लोड लटकत असताना तोच शब्द सर्वांत महत्त्वाचा. म्हणून प्रत्येक क्रेनला सेट टू सेट थेट चालणारा वेगळा चॅनल दिला. तिथे ही वाट पाहणं जवळपास नाही, आणि लाइट जाऊन रिपीटर बंद पडला तरी क्रेनचं बोलणं थांबत नाही.

दुसरा नियम जुन्या रिगरांचाच, पण डिजिटलवर तो सक्तीचा केला. लोड हलत असेपर्यंत सिग्नलमनने बोलत राहायचं: आरिया, आरिया, आरिया. आवाज तुटला की क्रेन थांबलीच पाहिजे, ‘बस’ ऐकू येवो न येवो. यामागे कारण आहे. अ‍ॅनालॉगचा सिग्नल कमी होत गेला की खरखर वाढत जाते, म्हणजे तुटण्याआधी कानाला सूचना मिळते. डिजिटल शेवटच्या काठापर्यंत स्वच्छ ऐकू येतो, क्षणभर यंत्रमानवासारखा फाटतो आणि मग एकदम शांतता. समोरचा गप्प बसलाय की सेट तुटलाय, हे ऐकणाऱ्याला कळायला मार्ग नाही. त्यामुळे शांततेचा अर्थ आधीच ठरवून ठेवावा लागतो.

व्हेसलच्या आत तर हे ठळक जाणवतं. पोलादी शेलमध्ये माणूस मॅनहोलपासून दोन पावलं आत सरकला की सिग्नल गेला. पूर्वी खरखर सुरू झाली की वेल्डर आपोआप तोंडाकडे सरकायचा, आता तो इशारा नाही. आमच्याकडे मॅनहोलवर माणूस उभा असतोच आणि तो दोरी व हाकेनेच आतल्याशी संपर्क ठेवतो. नवे सेट आले म्हणून तो माणूस काढायचा विचार कुणी करत असेल, तर कृपा करून करू नका.

आता आवाजाबद्दल. डीएमआर सेट तुमचा आवाज जसाच्या तसा पाठवत नाही. त्यातला व्होकोडर बोलण्याचे गुणधर्म ओळखून ते सेकंदाला २४५० बिटांत बसवतो, आणि वाटेतल्या चुका दुरुस्त करायला आणखी ११५० बिट जोडतो. त्यामुळे मागे पंखा, कंप्रेसर असली एकसुरी घरघर असेल तर समोर बोलणं छान सुटं ऐकू येतं. पण शेजारीच ग्राइंडर किंवा गाउजिंग (आर्कने धातू खरवडणं) चालू असेल तर व्होकोडर गोंधळतो आणि शब्दांचा लगदा होतो. अमेरिकेत अग्निशमन दलांनाही सुरुवातीच्या डिजिटल सेटवर मोठ्या आवाजात हाच त्रास झाला होता, आणि २००८ च्या सुमारास तिथल्या फायर चीफ संघटनेने त्याची चाचणीही घेतली. यावर उपाय साधा आहे, फक्त अंगवळणी पडायला वेळ लागतो: ओरडायचं नाही, माइक तोंडापासून दोन-तीन बोटांवर धरायचा आणि पाठ ग्राइंडरकडे करायची. कॉलरला लावायचा स्पीकर माइक आम्ही नंतर घेतला, तो पहिल्याच दिवशी घ्यायला हवा. आपलेच दोन सेट शेजारी असले तर माणसाचा आवाज आधी आणि सेटमधला किंचित मागून येतो. पहिला आठवडा सगळे त्याने वैतागतात.

बॅटरी उत्तम. बोलताना ट्रान्समीटर निम्माच वेळ चालू असतो, त्यामुळे दुसऱ्या पाळीच्या शेवटी सेट मान टाकत नाहीत. रेंज वाढेल अशी आशा धरू नका. शक्ती आणि अँटेना तीच असेल तर अंतर जवळपास तेवढंच राहतं.

नवरात्रात वडोदऱ्यात गरब्याच्या मैदानांवर भाड्याचे ढीगभर सेट निघतात. त्या दिवसांत जुन्या सेटवर पार्किंगवाल्यांची बोलणी आमच्या शेडमध्ये ऐकू यायची. डिजिटलमध्ये कलर कोड (आपल्या सेटची ओळख ठरवणारा क्रमांक) वेगळा असला की ती ऐकू येत नाहीत. पण त्याच फ्रिक्वेन्सीवर कुणी बोलत असेल तर अडथळा होतोच, फक्त तो आता कानाला कळत नाही. खरं संरक्षण आपल्या नावावर मिळालेल्या फ्रिक्वेन्सीचं, म्हणून दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसीचं (फ्रिक्वेन्सी आणि वायरलेस परवाने देणारी शाखा) काम आधी करा आणि परवान्यावर डिजिटल उत्सर्जनाची नोंद आहे ना, ते तपासा. परवान्याविना चालणारा ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या सेटसाठी आहे. लहान गोडाउनला तो पुरेल, पोलादाने भरलेल्या शेडला नाही.

सगळे सेट एकदम बदलायची गरज नाही. बहुतेक डीएमआर सेट अ‍ॅनालॉगवरही चालतात. आम्ही आधी यार्ड, मग बे, शेवटी गेट असं सरकलो. मात्र प्रोग्रामिंगवर हँडसेटच्या किमतीइतकंच लक्ष द्या. कुठला चॅनल कुणाला, कुठल्या स्लॉटवर, आणीबाणीचं केशरी बटण कुणाच्या सेटवर वाजणार, हे डीलरच्या दुकानात बसून ठरत नाही. त्याच्या माणसाला ग्राइंडर चालू असताना शॉपमध्ये बोलवा, क्रेनच्या केबिनमध्ये चढवा आणि तिथून बोलायला लावा. आणि जाण्याआधी प्रोग्रामिंगची फाइल व तिचा पासवर्ड लेखी घ्या. आमच्या आधीच्या डीलरने तो दिला नव्हता, त्यामुळे एक चॅनल बदलायचा तरी सगळे सेट गोळा करून त्याच्याकडे पाठवावे लागायचे.