६१ कीजचा कीबोर्ड, सात-आठ महिने वाजवल्यावर

घरी यामाहाचा पीएसआर-ई३७३ आहे. मी आणि माझी नऊ वर्षांची मुलगी, दोघी त्याच्यावरच शिकतोय, आणि ओळखीतलं कोणी ना कोणी सारखं विचारत असतं की ४९ घेऊ, ६१ घेऊ का डायरेक्ट ८८, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कीज किती हे नंतर बघा, आधी एकेक की केवढी आहे ते बघा. हे मी कळकळीने सांगतेय. मुलीला आधी वाढदिवसाला मिनी कीजवाला छोटा कीबोर्ड मिळाला होता, घरी त्याच्यावर सा रे ग म छान वाजायचं, पण क्लासमध्ये मोठ्या कीजवर बसली की अंगठा बोटांखालून ‘म’वर न्यायचा तो ‘ग’ आणि ‘म’च्या मध्येच पडायचा आणि दोन्ही स्वर एकदम वाजायचे. फुल साइजवर सा ते वरचा सा हे अंतर साडेसोळा सेंमीच्या आसपास असतं, हाताला तेच अंतर बसायला हवं. घरी मोठ्या कीज आल्यावर दोन-तीन आठवड्यांत तो अंगठा आपोआप जागेवर गेला.

आता आकडा. ६१ म्हणजे पाच सप्तकं आणि वरचा एक सा. पेटी तीन-साडेतीन सप्तकांची असते, मग एवढ्या कीज कशाला असं पेटीवाल्यांना वाटतं. पण पेटीवर डावा हात भात्यावर असतो, इथे तो कॉर्ड, म्हणजे दोन-तीन स्वर एकदम, धरतो. आमच्या कीबोर्डवर रिदम स्टाइल, म्हणजे आपोआप वाजणारी साथ, चालू केली की डावीकडच्या १९ कीज कॉर्डसाठी जातात, उजव्या हाताला ४२ उरतात, म्हणजे जवळजवळ एक अख्खी पेटीच. हाच हिशोब ४९ ला लावला तर ३० उरतात, भावगीताचा अंतरा वर चढला की हात कडेला येणार. त्यात सासूबाई काळी ४ मध्ये, म्हणजे चौथी काळी पट्टी सा धरून, गातात, तिथून सा धरला तरी ६१ वर मंद्र आणि तार दोन्ही आरामात मिळतात, ट्रान्सपोजचं, म्हणजे सगळी पट्टी वर-खाली सरकवायचं, बटण दाबावं लागत नाही. आमचे सर तर म्हणतात शिकताना ते बटण आहे हेच विसरा, आणि मला ते पटलंय.

टच रिस्पॉन्स मात्र हवाच, म्हणजे हळू दाबलं तर हळू आवाज, जोरात दाबलं तर मोठा. हे नसेल तर ६१ असूनही घेऊ नका.

८८ कोणी घ्यावा? ज्याला पियानोच शिकायचाय त्याने, आणि तोही वेटेड, म्हणजे पियानोसारख्या जड, कीजचाच. ६१ च्या बहुतेक कीबोर्डच्या कीज हलक्या असतात, पियानोला बोटात जे बळ लागतं ते त्यावर येत नाही. ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या संगीताच्या परीक्षासुद्धा पियानोच्या वेगळ्या आणि इलेक्ट्रॉनिक कीबोर्डच्या वेगळ्या असतात, तेव्हा कुठल्या द्यायच्या ते क्लासच्या सरांना आधीच विचारून घ्या. पण जागेचं बघा हं, यामाहाचाच पी-४५ घेतला तर सव्वा मीटरहून लांब आणि साडेअकरा किलो, एकदा ठेवला की ठेवला. आमचा साडेचार किलोच्या थोडा वर, सिंहगड रोडवरच्या टूबीएचकेत मुलीच्या स्टडी टेबलवर बसतो आणि सदाशिव पेठेत क्लासला न्यायचा तर रिक्षात मांडीवर आडवा मावतो. गणपतीत सोसायटीच्या आरतीला खाली नेला होता, तिथे प्लग लांब, सहा डबल-ए सेल टाकून वाजवला, काही अडलं नाही.

७६ चांगला असतो पण शिकणाऱ्यांसाठी त्यात चॉइस फार कमी, त्यामुळे त्याच्या मागे लागू नका.

लक्ष्मी रोडच्या बाजूला दुकानात गेलात तर डेमो स्टाइल ऐकत बसू नका, त्या सगळ्याच भारी वाटतात. ज्याला शिकायचंय त्याला सोबत न्या, स्टाइल बंद करून साधा पियानोचा आवाज लावायला सांगा आणि दोन्ही हातांनी सा ते सा वाजवून बघू द्या, हळू आणि जोरात दोन्ही.