मैदान की बंद हॉल? सांगलीहून इलेक्ट्रॉनिक गट ऐकायला निघणाऱ्यांसाठी

माझा भाचा सांगलीच्या विश्रामबागेत राहतो, वय एकोणीस. दोन वर्षांपासून त्याच्या कानात सिंथेसायझरचंच संगीत असतं. या हिवाळ्यात त्याला एखादा गट समोर उभा राहून वाजवताना ऐकायचा आहे. पर्याय दोन. पुण्याबाहेरच्या मोकळ्या मैदानावरचा महोत्सव, नाहीतर मुंबईत जुन्या गिरणीच्या आवारातला, पाचशे-सहाशे माणसं मावतील असा बंद हॉल. "मामा, दोन्हीला पैसे नाहीत. एकच सांगा, कुठं जाऊ?" असं त्यानं विचारलं. त्याच्यासारखे आणखी बरेच जण सांगली-साताऱ्यात असतील, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी दोन्हीकडं गेलो आहे, आणि माझ्याबरोबर आलेल्या माणसांना काय वाटलं तेही सांगण्यासारखं आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. पहिल्यांदाच जाणार असाल आणि वय व मुक्काम दोन्ही जमत असेल, तर बंद हॉल निवडा. आता कारणं.

तिकिटाआधी पोस्टर नीट वाचा

गटाचं नाव मोठं दिसलं की आपण बाकीचं वाचत नाही. नावाखाली बारीक अक्षरात 'लाइव्ह' लिहिलंय की 'डीजे सेट', हे आधी बघा. लाइव्ह म्हणजे गट आपली यंत्रं घेऊन येतो आणि आपलीच गाणी तिथल्या तिथं उभी करतो. डीजे सेटमध्ये त्याच गटातला एखादा किंवा दोघं येतात आणि स्वतःच्या व दुसऱ्यांच्या तयार रेकॉर्ड एकमेकींत मिसळून वाजवतात. तीही कला आहे आणि चांगल्या हातात रात्र उजळून निघते, पण ते गटाचं वादन नव्हे. मी एकदा हे न वाचता पुण्याला गेलो होतो. जे गाणं ऐकायला २३० किलोमीटर आलो ते वाजलंच नाही. चूक आयोजकाची नव्हती, पोस्टरवर स्पष्ट लिहिलेलं होतं. मैदानावरच्या महोत्सवात एका दिवसात बरेच कलाकार असतात आणि यंत्रं मांडायला वेळ कमी मिळतो, त्यामुळं तिथं डीजे सेट जास्त दिसतात. हॉलमध्ये संध्याकाळ एका-दोघांचीच असते, मांडामांड निवांत होते.

भाच्याचा खरा प्रश्न: तिथं बघायचं काय?

"सतारीत बोटं दिसतात, तबल्यात हात दिसतात. इथं काय, माणूस टेबलामागं उभा असतोय," असं मला सांगलीत बऱ्याच जणांनी ऐकवलंय. याचं उत्तर मला मिरजेच्या सतारमेकर गल्लीत मिळालं.

त्या गल्लीत आमच्या ओळखीचे एक कारागीर आहेत. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. आयुष्य तंबोरे करण्यात गेलंय. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा त्यांनी सगळ्यांना चहा पाजला होता. तंबोऱ्याची जवारी काढणं हे त्यांचं काम. घोडी म्हणजे तारा ज्यावर टेकतात ती पट्टी; ती घासून तारेचा आणि तिचा स्पर्श असा बसवायचा की एका तारेतून सगळे वरचे स्वर झळाळत बाहेर पडावेत. जवारी खुली असली तर आवाज चमकतो, बंद असली तर गोल आणि दबका येतो. दोन वर्षांपूर्वी मुंबईत मुलीकडं आले असताना त्यांना मी आग्रह करून एका हॉलमध्ये नेलं. दोघांचा गट होता. सुरुवातीला एकच खर्जातला आवाज, तीन-चार मिनिटं तसाच. मग त्यातल्या एकानं डाव्या हातानं एक बटण हळूहळू फिरवायला घेतलं आणि त्या दबक्या आवाजातून एकेक स्वर वर यायला लागला. चाचा माझ्या दंडाला धरून कानाशी म्हणाले, "ह्यानं जवारी खोलली की रे!"

त्या बटणाला फिल्टर म्हणतात. बंद असेल तेव्हा वरचे स्वर अडून राहतात, उघडलं की सुटतात. चाचांना जे करायला कानस, सूत आणि अर्धा दिवस लागतो, ते हा माणूस सगळ्यांसमोर एका मिनिटात उघडत आणि मिटत होता. तोच त्याचा आलाप. हात समोर दिसत होता म्हणून चाचांना ते कळलं. आम्ही स्टेजपासून जेमतेम वीस फुटांवर होतो.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली रोलंड कंपनीच्या तीन यंत्रांवर दहा राग रेकॉर्ड केले. त्यातलं टीबी-३०३ हे यंत्र पुढं जगभर याच उघडमिट करणाऱ्या आवाजासाठी गाजलं. तेव्हा त्या रेकॉर्डकडं फारसं कुणी लक्ष दिलं नाही. २०१० मध्ये ती पुन्हा प्रसिद्ध झाल्यावर लोक थक्क झाले आणि सत्तरी ओलांडलेले सिंग युरोपातल्या मंचांवर जाऊन तेच वाजवून आले. २०१५ साली ते गेले. त्यांना समोर बसून ऐकायचं माझ्याकडून राहून गेलं, त्याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणूनच भाच्याला सांगतो, आवडता गट आवाक्यात येत असेल तर पुढच्या वर्षावर ढकलू नकोस.

आता हेच मैदानावर. मी शंभर मीटर मागं उभा होतो. वादकाचा हात फक्त मोठ्या पडद्यावर दिसत होता आणि तिथंही गंमत होते: प्रकाश तत्काळ पोचतो, आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर चालतो. म्हणजे शंभर मीटरवर आवाज पाव सेकंदाहून जास्त मागं राहतो. पडद्यावर हात आधी फिरतो, कानाला नंतर कळतं. मधल्या खांबांवरच्या स्पीकरमधला आवाजही मुद्दाम तेवढाच उशिरा सोडतात, नाहीतर एकच ठेका दोनदा ऐकू येईल. ज्याला हात आणि आवाज एकत्र अनुभवायचा आहे त्याला हे खटकतं. मला खटकलं.

मैदान कुठं सरस आहे

काही गटांसाठी मात्र मैदान किंवा मोठं सभागृहच लागतं. क्राफ्टवेर्क हा जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फचा गट, १९७० मध्ये सुरू झालेला. चार माणसं चार मेजांमागं जवळजवळ न हलता उभी राहतात आणि मागं अख्खी भिंत त्रिमिती चित्रांनी भरलेली असते. माझा एक वर्गमित्र नोकरीसाठी जर्मनीत आहे, त्यानं तो कार्यक्रम पाहिला. आत जाताना पुठ्ठ्याचा चष्मा हातात मिळाला. तो म्हणाला, "वादकांकडं मी दहा मिनिटांनंतर बघितलंच नाही. आकडे आणि गाड्या अंगावर येत होत्या आणि प्रत्येक ठोक्याला चित्र बदलत होतं." डाफ्ट पंक या फ्रेंच जोडीचा २००६ चा कॅलिफोर्नियातला कोचेला महोत्सवातला कार्यक्रमही लोकांच्या लक्षात राहिला तो दिव्यांच्या पिरॅमिडमुळं. तो ज्यांनी पाहिला ते आजही त्याबद्दल बोलतात, आणि जोडी २०२१ मध्ये थांबल्यामुळं आता कुणाला तो पाहता येणार नाही.

याच्या उलट ऑर्बिटल हे इंग्लंडमधले दोन भाऊ. अंधारात यंत्रांची बटणं दिसावीत म्हणून ते दोन्ही बाजूंना छोट्या बॅटऱ्या लावलेले चष्मे घालतात. गाण्याचे तुकडे यंत्रांत भरलेले असतात, पण कुठला तुकडा किती वेळ चालवायचा, कधी काढून घ्यायचा हे ते तिथंच ठरवतात, त्यामुळं एकच गाणं दोन रात्री दोन प्रकारे वाजतं. अशा गटाला जितकं जवळून ऐकाल तितकं बरं. तर निवड करताना आधी एवढं शोधा की तुमचा गट चित्रं दाखवणारा आहे की वाजवता वाजवता घडवणारा. पहिला असेल तर बिनधास्त मैदानावर जा.

बेसच्या बाबतीतही मैदानाला श्रेय द्यायला हवं. पन्नास हर्ट्झच्या खर्जाची एक लाट जवळपास सात मीटर लांब असते. छोट्या हॉलमध्ये ती भिंतींवर आपटून परत येते, कोपऱ्यात साठते आणि मध्येच कुठंतरी नाहीशी होते. दोन पावलं सरकलं की गाणं बदलल्यासारखं वाटतं. मैदानावर भिंतच नसल्यानं खर्ज स्वच्छ येतो. फक्त अंतर दुप्पट झालं की जोर बराच उतरतो, म्हणून मागं उभं राहून छातीत काही जाणवत नाही. मिरजेच्या विसर्जन मिरवणुकीत स्वागत कमानीखाली उभं राहिलेल्या पोराला छातीतला बेस मी काय समजावणार! पण तिथं ज्याला आपण डॉल्बी म्हणतो त्या भिंतीतून फक्त जोर येतो, आवाजातले बारकावे चिरडले जातात. चांगल्या कार्यक्रमात तोच खर्ज अंगभर येतो आणि त्याच्यावरचा बारीक टिकटिक आवाजही वेगळा ऐकू येतो. भाच्यानं हा फरक एकदा स्वतः ऐकावा अशी माझी फार इच्छा आहे.

दोन्ही ठिकाणी उभं राहायची उत्तम जागा एकच: ध्वनी सांभाळणारा माणूस जिथं बसतो त्या कन्सोलच्या आसपास. तो स्वतःच्या कानानं आवाज जुळवत असतो, त्यामुळं तिथं सगळ्यात संतुलित ऐकू येतं. हॉलमध्ये तिथूनही हात दिसतात. मैदानावर दिसत नाहीत, पण आवाज बिघडत नाही.

कान

हे टाळू नका. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये कार्यक्रमांसाठी जी मर्यादा सुचवली ती पंधरा मिनिटांच्या सरासरीला १०० डेसिबल आहे, आणि तेवढ्या आवाजात तासन् तास उघड्या कानांनी थांबणं धोक्याचंच. एका रात्रीनंतर माझ्या कानात दीड दिवस शिट्टी वाजत होती. तेव्हापासून मी संगीतासाठीचे इअरप्लग नेतो. औषधाच्या दुकानातले स्पंजचे बोळे चालतात, पण ते वरचे स्वर जास्त खातात आणि सगळं रजईखालून ऐकल्यासारखं होतं. संगीतासाठीचे प्लग सगळे स्वर सारखेच कमी करतात. हॉलमध्ये स्पीकरपासून लांब जायला जागा नसते, म्हणून तिथं ते हवेतच. मैदानावर निदान मागं सरकता येतं.

जाणं-येणं

इथं मैदान सरळ जिंकतं. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार उघड्यावर रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद. वर्षातले मोजके दिवस सरकार बारापर्यंत सूट देतं, तेवढंच. म्हणजे पुण्यातला मैदानावरचा कार्यक्रम साधारण दहाला आटोपतो. सातारकर स्वारगेटवरून एसटी धरून त्याच रात्री घरी पोचतो. सांगलीकराला मध्यरात्रीच्या सुमारास पुण्यात येणारी महालक्ष्मी एक्सप्रेस मिळते, उजाडेपर्यंत सांगली. मैदान गावाबाहेर असतं आणि बाहेर पडताना एकदम गर्दी होते, तेव्हा स्टेशनपर्यंत जायला दीड तास हाताशी ठेवा.

मुंबईच्या हॉलमध्ये मुख्य गट रंगात येतो तोवर महालक्ष्मी कल्याणच्याही पुढं गेलेली असते. मुक्काम आलाच. सकाळच्या कोयना एक्सप्रेसनं निघालात तर सांगलीत संध्याकाळ होते, म्हणजे आणखी एक दिवस गेला. मुंबईत नातेवाईक असतील तर प्रश्न नाही, नसतील तर खोलीचं भाडं तिकिटाइतकंच पडू शकतं. थंडी, धूळ, पाण्याच्या रांगा या मैदानाच्या गोष्टी. बूट घाला, स्वेटर न्या, बाकी निभावतं.

घरी हेडफोनवर थेट कार्यक्रमांची रेकॉर्डिंग ऐकणं हा तिसरा पर्याय काहीजण सुचवतात. तयारी म्हणून ते उत्तम आहे, गट कोणती गाणी कशी ताणतो ते कळतं. पण खर्ज कानात मावतो, छातीत नाही.

मग भाच्याचं काय ठरलं

दारू देणाऱ्या बऱ्याच हॉलमध्ये एकवीसच्या खाली प्रवेश देत नाहीत. त्यानं ज्या कार्यक्रमावर नजर ठेवली होती त्याच्या तिकिटावरही तसं लिहिलं आहे. त्यामुळं यंदा पुण्याचं मैदानच. ज्या गटासाठी तो जातोय त्याच्या नावाखाली 'लाइव्ह' लिहिलंय, ते आम्ही दोघांनी दोनदा वाचलं. वेळ संध्याकाळची आहे. चारलाच आत शिरायचं आणि आधीच्या गटाच्या वेळी गर्दी पातळ असते तेव्हा कन्सोलच्या पुढं, डाव्या बाजूला जागा धरायची असं ठरलंय. तिथून स्टेज चाळीसेक मीटर पडेल. पडद्याकडं न बघता थेट माणसाकडं बघितलं तर हात अंधुक का होईना दिसेल.

एकवीस पूर्ण झाल्यावर त्याला मुंबईला मी नेणार आहे, तो खर्च माझा.

चाचांनाही विचारलं, येताय का. गुडघे उभं राहू देत नाहीत म्हणाले. मोबाइलवर रेकॉर्ड करून आणतो असं भाचा बोलून गेला, तर त्यांनी हातातली कानस खाली ठेवली. "ते नको. तू नीट ऐक, आणि आल्यावर गल्लीत ये. जवारी कुठं उघडली ते तोंडानं सांग."