नंबर माझा, ब्लॉक भलत्याचाच

ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन या अमेरिकन कंपनीच्या जुन्या पाच हॉर्सपॉवरच्या, फ्लॅटहेड जातीच्या छोट्या इंजिनाचा मॉडेल नंबर ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य धडावर, नसतो. तो फ्लायव्हीलवरच्या, म्हणजे इंजिनाच्या जड चाकावरच्या, पत्र्याच्या कव्हरवर ठोकलेला असतो, आणि ते कव्हर चार-दोन बोल्ट काढले की हातात येतं. हे एवढं एक ज्याला ठाऊक आहे तो तुमचं इंजिन ठेवून घेऊन दुसरंच तुमच्या गळ्यात मारू शकतो. आमच्या गळ्यात मारलं.

इंडियानातल्या कोलंबसमध्ये कमिन्स या इंजिन कंपनीमुळे पुण्याकडची मंडळी भरपूर आहेत, आणि आठवी-नववीतल्या पोरांना गो-कार्टचं वेड लागलेली घरंही आता बरीच झाली आहेत. जुनी फ्रेम स्वस्तात मिळते, तिच्यावर बहुतेक वेळा हेच इंजिन असतं आणि बहुतेक वेळा ते बसलेलं असतं. आमच्या लेकानं आणलेलंही तसंच होतं. २१२ सीसीचं नवं चिनी इंजिन लाव, कटकट संपेल, असं सगळ्यांनी सांगितलं. पण त्याला जुनंच उभं करायचं होतं, आणि मला, खरं सांगायचं तर, त्याच्याहून जास्त.

हे इंजिन २०६ सीसीचं. वेग आवरणारा गव्हर्नर त्याला ३६०० आरपीएमच्या वर जाऊ देत नाही. कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा, ओतीव अॅल्युमिनियमचा असतो आणि मध्ये बेअरिंग वगैरे काही नसतं, तो थेट क्रँकपिनवर, म्हणजे क्रँकच्या खुंटीवर, फिरतो. ऑइल पंपही नाही. रॉडच्या टोकाला एक डिपर असतो, तो तळातलं तेल उडवतो, त्यावर सगळं वंगण. कार्टवाले पहिलं काम करतात ते गव्हर्नर काढायचं. मग रॉड तुटतो, आणि तुटताना पुष्कळदा ब्लॉकला खिडकी पाडून बाहेर येतो. आमच्या इंजिनाचा रॉड तुटला होता, पण ब्लॉक शाबूत होता. शिवाय ते आय/सी मालिकेतलं निघालं, म्हणजे बोअरमध्ये, सिलिंडरच्या पोकळीत, बिडाचा स्लीव्ह (नळी) असलेलं. साध्या इंजिनांत नुसत्या अॅल्युमिनियमचा बोअर असतो, त्याला कंपनी कूल बोअर म्हणते. स्लीव्हवाला ब्लॉक जास्त टिकतो, म्हणून जुन्या कार्टच्या शौकिनांत त्याला मागणी असते.

उघडलं ते आम्हीच, घरी, आणि प्रत्येक टप्प्याचे फोटो काढले. फोटोंत बोअरच्या तोंडाशी पांढऱ्या अॅल्युमिनियममध्ये बिडाचं काळसर कडं स्पष्ट दिसतं. एक्झॉस्टच्या बाजूची एक कूलिंग फिन, म्हणजे ब्लॉक थंड ठेवणारी पातळ पट्टी, तुटलेली होती, तीही दिसते. क्रँकपिनला चिकटलेलं अॅल्युमिनियम काढून ती मायक्रोमीटरनं मोजायची, बोअर होन करायचा म्हणजे आतून घासून सारखा करायचा, व्हॉल्व्ह लॅप करायचे म्हणजे बैठकीवर घासून घट्ट बसवायचे, ही कामं बाहेर द्यायची ठरली. गावाबाहेर शेडमध्ये लॉनमोअर दुरुस्त करणारा एक जण आहे, 'रेसिंग इंजिन बनवून मिळतील' अशी त्याची पाटी आहे. सुटे भाग मी मॉडेल नंबरावरून स्वतः मागवले: पिस्टन, रिंगा, गॅस्केटचा सेट आणि बिलेटचा रॉड, म्हणजे ठोस अॅल्युमिनियममधून मशिन केलेला. तो एकटाच नव्वद डॉलरच्या घरात गेला. मजुरीचे १८० डॉलर त्यानं रोख मागितले आणि पावतीवर फक्त 'इंजिन काम' एवढंच लिहिलं.

माणूस बोलायला गोड. प्रश्न मी विचारायचे आणि उत्तर तो माझ्या नवऱ्याकडे बघून द्यायचा. नवरा आयटीतला, त्याला स्पॅनर आणि स्क्रूड्रायव्हर यांतला फरक कळतो इतकंच.

इंजिन परत आलं तेव्हा काळ्या रंगानं नुसतं चमकत होतं. पत्र्याच्या कव्हरवर आमचा नंबर. गव्हर्नरची तार सोडलेली, कारण "आता बिलेट रॉड आहे, सहा हजार आरामात फिरेल". मी म्हटलं, रॉड फिरेल हो, पण फ्लायव्हील मूळचंच ओतीव आहे, ते त्या वेगाला फुटलं तर तुकडे माझ्या पोराच्या पाठीत जातील. तो नवऱ्याला हसून म्हणाला, "यांना फार काळजी बुवा." घरी येऊन मी आधी गव्हर्नर जोडला.

लेकाला काही झालं नाही, हे आधीच सांगून टाकते. मोकळ्या पार्किंगमध्ये पहिल्याच दिवशी, वेगही फार नव्हता, निळा धूर आला, इंजिनचा आवाज घोगरा झाला आणि खाडकन सगळं थांबलं. खाली तेलाचं थारोळं.

उघडायला कोल्हापूरच्या उद्यमनगरात इंजिनांच्या संगतीत वाढलेला एक मित्र आला होता. त्यानं हेड काढलं, बोअरमध्ये बोट फिरवलं, खिशातलं लोहचुंबक सिलिंडरच्या भिंतीला लावलं. ते चिकटलंच नाही. "ह्यो ब्लॉक तुझा न्हवं," तो म्हणाला.

बिडाला चुंबक चिकटतं, अॅल्युमिनियमला नाही. आमच्या स्लीव्हच्या ब्लॉकऐवजी साधा कूल बोअर ब्लॉक आला होता, वर आमचं कव्हर चढवून. पुढचं सगळं मग ओघानंच कळत गेलं. ब्रिग्जचे पिस्टन दोन जातींचे असतात. अॅल्युमिनियमच्या बोअरसाठी क्रोम चढवलेला, बिडाच्या स्लीव्हसाठी कथिलाचा मुलामा दिलेला. मी आमच्या नंबरावरून या दुसऱ्या जातीचा मागवला होता. तो या शेडवाल्यानं तसाच अॅल्युमिनियमच्या बोअरमध्ये ढकलला. कथिल काय टिकतंय? ते गेल्यावर अॅल्युमिनियमवर अॅल्युमिनियम घासलं, पिस्टन धरला, आणि मागून फ्लायव्हीलचा जोर होताच, त्यानं रॉड तोडला. माझा पिस्टन माझ्या ब्लॉकला अगदी बरोबर होता. त्याला घर दुसऱ्याचं दिलं होतं.

तुटलेला रॉडही बिलेटचा नव्हता. ओतकामाची शिवण त्याच्या अंगावर सरळ दिसत होती. आणि तेल कुठून आलं? ब्लॉकच्या बाजूला जुनी खिडकी होती, म्हणजे हा ब्लॉक आधीच एकदा कुणाचा तरी रॉड खाऊन बसलेला. ती जे-बी वेल्डनं, आपल्या एम-सीलच्या अमेरिकन भावानं, बुजवून, घासून, वर काळा रंग मारला होता. तुटलेल्या रॉडनं आतून ठोकल्यावर ते बूच निखळलं. सगळं चकाचक रंगवून का दिलं होतं त्याचा उलगडा तेव्हा झाला. काम केलेल्या इंजिनाला रंगाची गरज नसते. रंगवलेलं आलं की आधी घासून बघा.

त्याच्याकडे गेलो तर त्याचं एकच पालुपद: "नंबर बघा, तुमचाच आहे." फोटो दाखवले तर म्हणाला, फोटो कशाचाही असू शकतो. मग तुटलेली फिन दाखवली, आणि त्यानं दिलेल्या ब्लॉकच्या सगळ्या फिन अखंड आहेत हेही. दुधाचे दात पडले तर परत येतात, फिन येत नाही. यावर त्याला शेडच्या मागे काहीतरी तातडीचं काम आठवलं.

इंडियानात स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे छोट्या दाव्यांच्या कोर्टात, १०,००० डॉलरपर्यंतचा दावा लावता येतो आणि वकील लागत नाही. मी फोटो, सुट्या भागांच्या पावत्या आणि त्याची ती 'इंजिन काम' वाली चिठ्ठी जोडून अर्ज केला. समन्स पोचल्यावर मजुरी आणि रॉडचे पैसे आले, चेकनं. पिस्टनचे नाही. ब्लॉक "भंगारात गेला". माझा यावर काडीचाही विश्वास नाही. स्लीव्हवाला शाबूत ब्लॉक भंगारात टाकणारा माणूस 'रेसिंग इंजिन' असली पाटी लावत नाही. दावा मी मागे घेतला, कारण ब्लॉक परत मिळवून देणं त्या कोर्टाच्याही हातात उरलं नव्हतं.

पुढे कुणी इंजिन बाहेर देणार असाल तर ब्लॉकवरच, झाकणाखाली लपेल अशा जागी, सेंटर पंचनं स्वतःची खूण ठोका आणि तिचा फोटो काढा. बिलेट रॉड दिला असेल तर तो बसवताना समोर उभे राहा. जमत नसेल तर निदान जुने तुकडे परत मागा. ते द्यायला जो कचरतो त्याच्याकडून इंजिन तसंच उचलून आणा. आणि ज्यांचं इंजिन आत्ता कुणाच्या शेडमध्ये पडलंय त्यांनी ते घरी आणण्याआधी एक लोहचुंबक आणि एक नवं हेड गॅस्केट घेऊन जावं. फ्लॅटहेडचे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असतात, हेड म्हणजे नुसतं झाकण. ते काढून बघायला आणि १४० इंच-पाउंडांवर पुन्हा आवळायला अर्धा तासही लागत नाही. "आता हेड बसलंय, उघडता येणार नाही" असं तो म्हणाला, तर पैसे अजून खिशातच ठेवा.