बेळगाव-चंदगड बस : गाडी चांगलीय, तेवढी चालू राहू द्या

बेळगावहून चंदगडला जाणाऱ्या बसला माझ्याकडून पाचपैकी चार स्टार. एक कापलाय तो गाडीमुळं नाही, गाडी मधूनच बंद पाडली जाते त्यामुळं, आणि मला जास्त त्याबद्दलच लिहायचंय.

ज्यांना रूट माहीत नाही त्यांच्यासाठी आधी. बेळगाव सोडलं की हिंडलगा, सुळगा, उचगाव फाटा, बाची, आणि बाची संपली की शिनोळी म्हणजे महाराष्ट्र लागला. पुढं पाटणे फाटा, हलकर्णी, मग चंदगड. दोन्ही राज्यांच्या गाड्या आहेत, मी जी आधी लागेल तिच्यात बसते. माझं माहेर हलकर्णीकडं आणि सासर बेळगावात शहापूरला, त्यामुळं गौरी-गणपती असो, कुणाचं बाळंतपण असो नाहीतर कोण आजारी असो, माझा रस्ता हाच. सीट-खिडक्यांबद्दल फार लिहीत नाही, सरकारी गाड्या जशा असतात तशाच, पावसाळ्यात खिडकीजवळ बसलात तर भिजणार, तिकडचा पाऊस माहितीच आहे.

खरे मार्क कंडक्टर-ड्रायव्हर लोकांना. नवरात्राच्या आधी चंदगडकडनं रताळी बेळगावच्या एपीएमसीला येतात, मोठा माल टेम्पोनं जातो पण ज्याच्याकडं दोनच पोती आहेत तो बसनंच येणार ना. एकदा एक म्हातारी पोतं घेऊन चढली आणि कंडक्टरला म्हणाली लगेज लावू नको रे बाळा. तो म्हणाला "आज्जी, लगेज घ्यावंच लागतंय, चेकिंग आलं तर माझ्यावर येतंय", तिकीट दिलंन, आणि पोत्याचं तोंड सुटून रताळी सीटखाली पळाली होती ती सगळी वाकून वाकून गोळा केली, खिशातला रुमाल काढून तोंड बांधलं आणि बेळगावात पोतं स्वतः उतरवून दिलं. दुसरा एक कर्नाटकाच्या गाडीवरचा, बैलहोंगलकडचा, घरी कन्नडच बोलणारा, पण या रूटवर राहून राहून मराठी शिकला. "मुंदं होग्री, पुढं सरका की ओ मावशी" एका दमात म्हणतो. माझ्या मुलाला ताप होता तेव्हा त्यानं ड्रायव्हरला सांगून गाडी दवाखान्याच्या तोंडाला थांबवली होती, तिथं स्टॉप नाहीये.

तिकिटाचं मात्र नीट समजून घ्या, नवीन माणूस गोंधळतो. कर्नाटकातल्या बायकांना 11 जून 2023 पासून शक्ती योजनेत राज्याच्या आत साध्या सरकारी बसला पैसे नाहीत, आधार दाखवायचं. महाराष्ट्रात 17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आणि 75 वर्षांवरच्यांना त्याच्याही आधी, ऑगस्ट 2022 पासून फुकट, पण ते महाराष्ट्राच्या हद्दीतच. म्हणजे एकाच प्रवासात शिनोळीच्या अलीकडं एक हिशोब आणि पलीकडं दुसरा. हातावर पोट असलेल्या बायका काय करतात, इकडनं गावबसनं बाचीपर्यंत येतात, थोडं चालतात आणि पलीकडं एसटी पकडतात. शिनोळी आणि हलकर्णीच्या कारखान्यांत, काजूच्या फॅक्टऱ्यांत कामाला जाणाऱ्या बायकांचं महिन्याचं गणित यावर चालतं.

आता ही हद्द आली कुठनं. 1956 ला राज्यं नव्यानं आखली तेव्हा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात घातला, त्यातला चंदगड तालुका तेवढा वेगळा काढून कोल्हापूरला जोडला. चंदगडहून कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या पुढं आणि बेळगाव चाळीसच्या आत-बाहेर. कागदावर जिल्हा बदलला पण बाजार, दवाखाना, कॉलेज, सोयरीक सगळं बेळगावातच राहिलं. दोन राज्यांच्या या सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल 1967 ला आला, महाराष्ट्रानं तो मानला नाही, 2004 पासून केस सुप्रीम कोर्टात आहे. हिंडलग्यातनं गाडी जाते तिथं 1986 च्या कन्नड सक्तीविरोधी आंदोलनातल्या हुतात्म्यांचं स्मारक आहे, अजून काही म्हातारी माणसं त्या बाजूला बघून हात जोडतात, मी पण जोडते. आमच्या सासरी पिढ्यान् पिढ्या समितीलाच, म्हणजे बेळगाव महाराष्ट्रात घ्या म्हणणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीलाच, मत गेलंय, त्यामुळं हिला सीमाप्रश्नाचं काय पडलंय असं कुणी म्हणू नये.

पण गाडीवर राग काढू नका हे मी दोन्हीकडच्यांना सांगणार. 6 डिसेंबर 2022 ला हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्र पासिंगचे ट्रक फोडले, तिकडं पुण्यात कर्नाटकाच्या बसना काळं फासलं. फेब्रुवारी 2025 मधे बेळगावजवळ तिकिटावरनं आणि भाषेवरनं वाद होऊन कर्नाटकाच्या कंडक्टरला पोरांनी मारलं, लगेच चित्रदुर्गात महाराष्ट्राची बस अडवून ड्रायव्हरच्या तोंडाला काळं लावलं. त्या ड्रायव्हरचा त्या मारामारीशी काय संबंध? तो शेकडो किलोमीटर लांब आपली ड्युटी करत होता. आणि त्या कंडक्टरनं तरी काय सीमा आखली होती का? टीव्हीवर दोन राज्यं भांडतात तेव्हा मार खातो तो खाकी शर्टातला माणूस, त्याचीही घरी बायको वाट बघत असते. बैलहोंगलच्या त्या कंडक्टरला मी नंतर विचारलं भीती वाटली नाही का, तर म्हणाला "वाटली की वैनी, पण रजा टाकली तर पगार कोण देणार".

तेव्हा दोन्ही राज्यांमधली बससेवा बंद ठेवली होती. अशा वेळी गाडी हद्दीपर्यंतच येते, पुढं चालत नाहीतर वडाप, म्हणजे खाजगी जीप. आमच्या माहेरच्या गल्लीतला एक जण डायलिसिसला आठवड्यातनं दोनदा बेळगावला येतो, बायको सोबत. बस बंद असली की वडापवाला मागेल ते द्यायचं, नाहीतर उन्हातनं शिनोळी ते बाची त्याला हाताला धरून चालवायचं आणि अलीकडं परत गाडी शोधायची, आणि डायलिसिस झाल्यावर तसंच परत. डायलिसिस उद्यावर टाकता येत नाही. परीक्षेच्या दिवसांत चंदगडकडच्या कॉलेजच्या पोरांचं पण हेच, सकाळी स्टँडवर येऊन बघतात तर गाडी नाही, एका स्टँडवर तर चौकशी खिडकीतला माणूस मान वर करून बघेना पण, पोरगी रडायला लागली होती शेवटी कुणीतरी बाइकवरनं सोडलं.

माझं मागणं मोठं नाही. तणाव असला तर लांबच्या गाड्या थांबवा एकवेळ, पण बेळगाव-चंदगडसारख्या जवळच्या गाड्या पोलीस बंदोबस्तात चालू ठेवा. तेही जमत नसेल तर दोन्हीकडच्या डेपोंनी एकमेकांना फोन करून बाची आणि शिनोळीला गाड्यांच्या वेळा जुळवाव्यात, म्हणजे माणूस इकडं उतरला की तिकडं गाडी उभी असेल. आणि गाडी रद्द झाली तर आदल्या रात्री स्टँडवर बोर्ड लावा, मराठीत आणि कन्नडमधे दोन्ही.

जाणाऱ्यांनी एवढं करा. सुट्टे पैसे ठेवा, आधार जवळ ठेवा, संध्याकाळची परतीची गाडी उतरतानाच विचारून घ्या. 1 नोव्हेंबरला, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाला, जो समिती काळा दिवस पाळते, आणि बेळगावात कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असेल त्या दिवसांत पेशंट घेऊन निघणार असाल तर आधी स्टँडवर कुणाला तरी पाठवून खात्री करा. आणि कंडक्टर कुठल्याही राज्याचा असू दे, त्याच्याशी नीट बोला.